आधी पकड, मग बटण

घराला लागूनच अब्बांचं गेट-ग्रिलचं छोटं वर्कशॉप. तिथलं पिलर ड्रिल मशीन आम्हा दोघा भावांच्या आधीपासूनचं. अम्मी त्याला ‘खांबवालं मशीन’ म्हणायची, आणि ते खरंच होतं. खाली बिडाची जड बैठक, तिच्यात उभा गोल खांब, खांबावर वर-खाली सरकणारं टेबल आणि माथ्यावर मोटार.

माथ्याचं झाकण उघडलं की पायऱ्या-पायऱ्यांच्या दोन पुल्या दिसत. पट्टा मोटारीच्या लहान पायरीवरून स्पिंडलच्या मोठ्या पायरीवर घेतला की वेग कमी होतो, उलट केला की वाढतो. ड्रिल जितकं जाड, तितका वेग कमी, हा अब्बांचा पहिला धडा. साध्या लोखंडात 5 मिमीच्या ड्रिलला मिनिटाला साधारण 1600 फेरे, तर 10 मिमीला 800. वेग फार झाला तर टोक तापून निळं पडतं आणि धार जाते.

दुसरा धडा मात्र आम्ही फार महागात शिकलो. ईद चार दिवसांवर आली होती, जिन्याच्या कठड्याचं काम अडलं होतं. अब्बा घाई करत होते. आमच्यातल्या धाकट्यानं पट्टी वाइसमध्ये न आवळता नुसत्या हातानं दाबून धरली. ड्रिल आत जाईपर्यंत काही झालं नाही. ते खालून बाहेर पडायला लागलं आणि भोकाची कड त्याच्या पिळात अडकली. पट्टी गर्रकन फिरली. दोन बोटं वाचली, पण आजही पुरती मिटत नाहीत.

त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. “घाई माझी होती,” एवढंच म्हणाले. सकाळी उठून त्यांनी वाइस टेबलाला बोल्टनं कसला आणि स्विचशेजारी एक खिळा ठोकला. चकची चावी त्या खिळ्यावर दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. हातमोजे, सैल बाही काही चालणार नाही.

यंदा थोरल्याची मुलगी आयटीआयला फिटर ट्रेडला गेली. मशीनवर हात बसवायचा म्हणून हट्ट धरून बसली. घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला. शेवटी धाकटाच म्हणाला, “मी शिकवतो.” मुलांना हुनर द्यायचं तर आपली चूकही लपवून चालत नाही, हे त्याच्याकडून आम्हाला कळलं. त्यानं आधी तिला आपली बोटं दाखवली, मग मशीन.

तिनं ओढणी काढून ठेवली, केस घट्ट बांधले, पट्टीवर पंच मारला, वाइस आवळला. “चाचा, आता?”

“चावी?”

तिनं खिळ्याकडे बोट दाखवलं. बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबलं आणि हँडल हळूहळू खाली घेतलं. भोक आरपार व्हायच्या बेतात आलं, तसा सांगण्याआधीच तिनं हाताचा जोर कमी केला. मशीन बंद केलं. चक पुरता थांबेपर्यंत थांबली, मग ब्रशनं कीस झाडला.

दारात खुर्ची टाकून बसलेले अब्बा काही बोलले नाहीत. अम्मीला मात्र हाक मारून म्हणाले, “चहा टाक. सगळ्यांना.”