नकाशावरच्या रेषा कोणी आखल्या?

आम्ही मित्र ऑनलाइन रोल२० वर डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. नकाशावर ७० पिक्सेलचा एक चौकोन म्हणजे ५ फूट, ही तिथली मूळ मांडणी. आम्ही ती मुकाट्याने मान्य केली होती.

एका लढाईत आमच्यातला एक जण तिरका पळून सुटला, दुसरा सरळ पळूनही मारला गेला. मोजले दोघांचेही ३० फूटच! वास्तविक तिरके सहा चौकोन म्हणजे सुमारे ४२ फूट. आम्ही मात्र हरलेल्यालाच हसलो.

मग सेटिंगमध्ये जाऊन षटकोनी जाळी निवडली. तिथे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात.

मित्रांनो, रेषा कोणीतरी आखलेल्या असतात, म्हणूनच त्या बदलता येतात. हरलेल्याला दोष देण्याआधी मोजपट्टी तपासा.