खारट पापा

सासूबाई अकोल्याच्या. मुलगा सहा महिन्यांचा असताना त्याचा पापा घेऊन म्हणाल्या, "पोरगं खारट लागून राह्यलं व बाई!" आम्ही हसलो. पुढची तीन वर्षं कधी दमा, कधी टीबी म्हणून औषधं झाली. शेवटी घामाची तपासणी झाली आणि कळलं, सिस्टिक फायब्रोसिस. घामात जास्तीचं मीठ, हीच त्याची खूण. सासूबाईंचं निदान बरोबर होतं, ऐकलं कुणी नाही!

सीएफटीआर या जनुकातला हा दोष १९८९ मध्ये सापडला. त्यामुळे फुफ्फुसातला कफ चिकट होऊन तिथेच साठतो, जंतू वाढतात. २०१९ मध्ये अमेरिकेत मूळ दोषावर काम करणारं तीन औषधांचं मिश्रण मंजूर झालं. किंमत मात्र आमच्या आवाक्याबाहेरची. मग हाती उरतात ते हातच.

रोज दोनदा नेब्युलायझरमधून मिठाचं पाणी, मग ओंजळीसारखा हात करून पाठ थापटायची. आता तो नऊ वर्षांचा आहे. खोल श्वास घेतो, क्षणभर धरतो आणि आरशावर वाफ सोडावी तसा 'हाः' करतो. कफ वर येतो. गेल्या दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत चार दिवस चुकले आणि पुढचे दहा दिवस दवाखान्यात गेले. त्यामुळेच असं म्हणवत नाही, पण विसरताही येत नाही.

शिवाय रोज पळणं. शेजारी विचारतात, "आजारी लेकराले कायले पळवता?" तेही अमरावतीत! इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं १९३६ मध्ये बर्लिनला खेळ दाखवून आली. पळताना श्वास खोल जातो, कफ सुटतो. तरी थापटणं सुटत नाही.

परवा तो म्हणाला, "आई, यानं मी बरा होणार का?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही रे. पण उद्या शाळेत जाशील."

थोडा वेळ गप्प बसला. मग स्वतःच पाठ वळवली.

असो. उन्हाळ्यात अकोल्याला जातो. पारा पंचेचाळीसला, घामावाटे याचं मीठ भराभर जातं. डॉक्टरांनी ते भरून काढायला सांगितलंय. आजी ताकाचा पेला पुढे करते. "घे बाप्पा, मीठ जास्तीचं टाकलं."