नेमबाजाची दुर्बीण

पालघरच्या आमच्या घरीं धाकटी बहीण पन्नास मीटरांवरील नेमबाजी शिकूं लागली, तेव्हां दुर्बीण निवडण्याचें काम मजकडे आलें. ही बंदुकीवर बसवावयाची नव्हे. शेजारीं तिपाईवर ठेवून गोळी कोठें लागली तें पाहावयाचें. दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटरांचें, गोळीचें छिद्र ५.६ मिलिमीटरांचें, आणि तेंही काळ्या रंगावर! याच अंतरावर स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविलें.

आईच्या भिशीचे आठ हजार रुपये हातीं होते. दुकानदार साठपट दाखविणारी दुर्बीण पुढें करी. परंतु ६० मिलिमीटरांच्या भिंगांतून वीसपट पाहतां डोळ्यांत येणारा प्रकाशझोत ३ मिलिमीटर रुंद असतो, साठपट पाहतां १च, चित्र काळवंडतें. शिवाय उन्हांत हवेची थरथरही तितकीच मोठी दिसते. म्हणून ओळखीच्यांकडून दोन दुर्बिणी मागून आणून आम्ही बोईसरवरून तारापूरशेजारच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलों. भर दुपारीं, तापलेल्या वाळूवर, पन्नास मीटरांवर जुना लक्ष्यकागद लावला. साठपटींत सारें लहरत होतें. पंचवीसपटींत छिद्रें मोजतां आलीं.

अखेर पंचवीसपट, वांकड्या नेत्रभिंगाची दुर्बीण घेतली. पालथें पडून नेम धरणारास मान फारशी हलवावी लागत नाहीं. उरलेल्या पैशांत जड तिपाई आली. बहीण मात्र प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीस डोळा लावते. तें कांहीं मला रुचत नाहीं.