अर्पा शहाणी होती

मलावीच्या दक्षिणेला, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी पाळकांचा वर्ग भरवायचा, तर आधी मका घरात यावा लागतो. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारी-फेब्रुवारीत कणग्या रिकाम्या. त्या दिवसांत पाळकही स्वतःच्या शेतात नाहीतर चहाच्या मळ्यात मजुरीला. म्हणून आमचं प्रशिक्षण जूनमध्ये लागायचं.

बहुतेकांचं शिक्षण आठवीपर्यंतचं, आणि एकेकाकडे चार-पाच गावांतल्या मंडळ्या. मंडळीकडून मिळतं ते मक्याचं पोतं, कधी कोंबडी. घरदार सोडून तीन वर्षं सेमिनरीत राहणं यांना कसं परवडणार? ग्वातेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ मध्ये यावर तोडगा काढला होता: पाळकाला सेमिनरीत आणण्यापेक्षा सेमिनरीच त्याच्या गावाजवळ न्यावी. आम्हीही तेच केलं. धडा घरी वाचायचा, ठरल्या दिवशी जमून चर्चा करायची.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातला. ओळख करून देताना मी चुमाची गोष्ट सांगायचो. १८६४ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ आगबोट घेऊन मुंबईला आले, तेव्हा याच भागातला हा याओ मुलगा त्यांच्याबरोबर होता. मुंबईत तो डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत शिकला. पुढे लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांतही तो होता. पाळक आदराने ऐकून घेत आणि मग खरा प्रश्न विचारत: “यंदा तुमचा देश आमची तूर घेणार ना?” तिथे मक्यात तूर लावतात. मलावीकडून वर्षाला ५०,००० टन तूर घेण्याचा करार भारताने २०२१ मध्ये केला होता. या पाळकांच्या मुलांची फी त्या तुरीच्या भावावर ठरते.

शिकवण्याची खरी कसोटी लागली ती बायबलमधल्या रूथच्या धड्याला. आपल्या प्रवचनांत रूथ म्हणजे सासूला न सोडणारी आदर्श सून, आणि अर्पा म्हणजे मागे फिरलेली दुसरी. माझी टिपणंही तशीच होती. पण तिथल्या लोम्वे आणि याओ समाजांत जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. धडा वाचून झाल्यावर एक वयस्कर पाळक उठले. “आबूसा,” ते म्हणाले. पाळकाला तिथे अशीच हाक मारतात. “अर्पा शहाणी होती. ती आईच्या घरी परतली. रूथला परमुलखात उपाशी मरायला कुणी सांगितलं होतं?”

कुणी हसलं नाही. मग त्यांच्यातच बोलणं सुरू झालं. परक्याच्या जमिनीवर राहणं काय असतं, ते पुरुषांनाच ठाऊक, असं एकजण म्हणाला. बायको वारली की आपलं बोचकं उचलून निघावं लागतं. दुसरा म्हणाला, मग रूथ आपल्यासारखीच की! त्या वर्गाला रूथ भेटली ती जावयाच्या रूपात. परमुलखात धान्याची कणसं वेचायला किती धीर लागतो, हे त्यांनी मला समजावलं. असं भाष्य मी कुठल्याच ग्रंथात वाचलं नव्हतं.

सगळ्यांत अवघड विषय चेटुकाचा. मूल दगावलं की बोट एखाद्या म्हाताऱ्या विधवेकडे वळतं. कुणाला चेटकीण ठरवणं तिथे १९११ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पोलीस ठाणं लांब, जमाव दारात. अशा वेळी व्याख्यान काय कामाचं? आम्ही प्रसंगच उभा केला. एकजण आजी झाला, एकजण मुलाचा बाप, एकजण पाळक. पाळकाने आधी कुणाच्या घरी जायचं, यावर जोरदार वाद झाला. शेवटी ठरलं: पाळकाने दफन होईपर्यंत मुलाच्या घरी थांबायचं, आणि मंडळीतल्या दोन वडिलांनी लगोलग आजीच्या अंगणात जाऊन बसायचं.

हे उत्तर त्यांचं होतं, म्हणून ते गावात टिकण्याजोगं होतं. पुढच्या हंगामात वर्ग त्यांच्यातल्याच दोघांनी घेतला आणि तो माझ्यापेक्षा चांगला झाला.

आफ्रिकेत शिकवायला निघालेल्या आपल्याकडच्या पाळकांना माझं एवढंच सांगणं आहे. आठवड्याची शिबिरं आणि प्रमाणपत्रांचे फोटो यांत मंडळीचा पैसा घालवू नका. एकच भाग धरा, सुगीनंतर जा, दरवर्षी जा. आणि तिथला शिकवणारा उभा राहिला की जाणं थांबवा.