खालची विहीर

औशाकडच्या आमच्या शेतात बोअर घ्यायचा ठरला तेव्हा पाणाडी आला होता. तळहातावर नारळ आडवा धरून तो बांधाबांधाने चालला. एका जागी नारळ उभा राहिला, आबांनी तिथं दगड ठेवला. बोअर सहाशे फुटांपर्यंत गेला, नुसता फुफाटा उडाला. बोअरची गाडी निघून गेली तरी आबा धुळीने पांढऱ्या झालेल्या तुरीकडे बघत उभे होते.

2016च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यापासून मला वाटू लागलं, पायाखाली जे थोडं उरलंय ते जातं तरी कुठं?

वराहमिहिराला जमिनीखालचं पाणी माणसाच्या अंगातल्या शिरांसारखं वाहतं असं वाटलं होतं. आमच्या काळ्या पाषाणात ते खरंच फटीफटीतून, मुरमातून चालतं. फटींच्या भिंतींवर ऋणभार असतो, म्हणून पाण्यातले धनभार भिंतीलगत गोळा होतात. पाणी हललं की त्यातले काही सोबत ओढले जातात. वाहत्या पाण्याची ही एवढीशी वीज, मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतकी. पाणी मुरतं तिथं आकडा उतरतो, वर पाझरतं तिथं चढतो. साचलेलं पाणी गप्प असतं. जमिनीत आपण वीज सोडायची नाही, तिची तिची वीज फक्त ऐकायची. 1830मध्ये रॉबर्ट फॉक्सने कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणीत अशी नैसर्गिक वीज मोजली होती. ती मात्र धातूच्या शिरांची होती.

पाण्याची वीज ऐकायला माझं सामान एवढंच: मातीचे दोन पाझरते कुंभ, आत मोरचुदाचं पाणी आणि तांब्याची कांडी, मधे लांब वायर, एक मीटर. एक कुंभ बांधाशी पुरला, दुसरा उचलत उचलत पुढं नेला. गंजलेला केसिंग पाईप आकडा बिघडवतो, त्याच्यापासून लांब राहिलो. मोटारींचं अर्थिंगही बिघडवतं. म्हणून रात्री लाईट जायची वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच लाईट गेल्याचं बरं वाटलं.

आबा बॅटरी धरून होते. पाणी किती फुटांवर, किती इंच, हे मीटर सांगत नाही, ते मी आधीच सांगितलं होतं. खालच्या विहिरीच्या अंगाला, ओढ्याकडे सरकू तसा आकडा चढत गेला. दुसऱ्या रात्रीही तसाच.

"मंग आपलं पाणी खालच्या हिरीला चाललंय व्हय?"

"तिकडंच दिसतंय, आबा."

आबांनी बॅटरी विझवली. खाली भावकीच्या विहिरीवर कुणीतरी पोहरा सोडत होतं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "हीर आधीची हाय."