हुबळीतील दोन रात्री

सरकारी कामासाठी परगावी जाणाऱ्या माणसाचे प्रवासवर्णन होत नाही. प्रवासभत्त्याचे बिल होते. गेली पंचवीस-तीस वर्षे मी अशी बिलेच लिहीत आलो आहे. गेल्या सप्टेंबरात हुबळीस काढलेल्या दोन रात्रींचे बिलही यथावकाश लिहून दिले. पण त्या बिलात न मावणारे असे काही तेथे घडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी शाळा खानापूर तालुक्यातील. सरकारी, मराठी माध्यमाची, पहिली ते सातवीपर्यंतची. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील वाचकांना 'कर्नाटक सरकारची मराठी शाळा' हे शब्द चमत्कारिक वाटतील. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि आमच्या शाळांवरील पाटी तेवढी बदलत गेली. आत फळ्यावर मराठीच राहिली. तर अशा या शाळेच्या विद्यार्थिसंख्येचे तक्ते घेऊन धारवाडला दोन दिवसांच्या बैठकीस यावे, असे पत्र आले आणि मी आदल्या दिवशी निघालो.

लोंढा, अळणावर मागे टाकून गाडी धारवाडला पोहोचली तेव्हा दुपार कलली होती. पाऊस भुरभुरत होता. कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा नेमका त्याच दिवसांत भरला असल्यामुळे साऱ्या उत्तर कर्नाटकातील शेतकरी गावात लोटले होते. चार ठिकाणी खोली विचारली, चारही ठिकाणी मान हलली. शेवटच्या ठिकाणच्या गृहस्थांनी मात्र बाहेरपर्यंत येऊन 'चिगरी'चा थांबा दाखविला. चिगरी म्हणजे हरिण. रस्त्याच्या मधोमध स्वतःची वेगळी वाट असलेली ही निळी बस २०१८ पासून दोन्ही शहरांत धावते, आणि नावाला जागून धावते. नवनगर, उणकलचे तळे, विद्यानगर असे करीत तिने मला हुबळीत आणून सोडले.

ही जुळी शहरे खरी. १९६२ साली दोहोंची मिळून एक महापालिकाही झाली. पण जुळ्यांचे स्वभाव इतके निराळे क्वचित असतील. धारवाड हे प्राध्यापकांचे, कवींचे आणि गवयांचे गाव; तेथे माणसे चालतानासुद्धा बोलत थांबतात. हुबळी कापसाची, पेठेची आणि आगगाड्यांची. येथील स्थानकाचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट जगात सर्वांत लांब म्हणून गाजला. मार्च २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. गावाचे अधिकृत नाव २०१४ पासून 'हुब्बळ्ळी' आहे. माझ्या लेखणीला मात्र हुबळी म्हणण्याची सवय आहे, ती वाचकांनी चालवून घ्यावी.

राणी चन्नम्मा चौकापासून जवळच एका मध्यम प्रतीच्या हॉटेलात खोली मिळाली. मध्यम प्रतीचे म्हणजे कसे, हे ज्यांनी नोकरीत फिरती केली आहे त्यांना सांगावयास नको. दर्शनी भागात संगमरवर, जिन्यावर साधी फरशी, आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचेतो तीही ठिकठिकाणी उडालेली. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. साबणाची वडी बत्ताशाएवढी. खिडकी आहे, पण ती स्वयंपाकघराच्या धुराड्यासमोर उघडते. भाडे दिवसाला सोळाशे रुपये; भत्त्यात बसणारे नव्हे, वरची भर पदरची. सोय एवढीच, की हिशेब चोवीस तासांचा. दुपारी बारा वाजता सामान उचला, अशी घाई नाही.

गल्ल्यावरचे तरुण गृहस्थ "बर्री सर, कूड्री" म्हणाले. या बाजूच्या कानडीतला हा 'री' मला फार आवडतो. आपल्या 'अहो'चे सारे आर्जव त्या एका अक्षरात येते. मग त्यांनी नोंदवही पुढे सरकविली. नाव, पत्ता, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण. आयुष्यभर इतरांकडून रकाने भरून घेणाऱ्या माणसाला स्वतः रकान्यात बसावे लागले म्हणजे जरा अवघडल्यासारखे होते. 'कारण' या रकान्यात मी 'सरकारी काम' असे लिहिले. वर सातआठ जणांनी 'बिझनेस' लिहिले होते.

रात्री जेवायला बाहेर पडलो. हॉटेलात खाली उपाहारगृह होते. पण हुबळीत येऊन तेथे जेवणे म्हणजे पंढरपुरास जाऊन लॉजमधल्या तसबिरीला नमस्कार करण्यासारखे. येथे जेवावे ते खानावळीत. होय, खानावळ. कानडीत तिला 'खानावळी' म्हणतात आणि पाट्यांवर ठळक अक्षरांत तसेच लिहितात. पुण्यामुंबईकडे मेस आणि रेस्टॉरंट यांच्या गर्दीत अंग चोरून राहिलेला हा शब्द येथे कानडी लिपीत राजरोस मिरवतो आहे. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगांची चटणी, मटकीची उसळ, झुणका, कच्चा कांदा आणि दही. भाकरी मऊ हवी की कडक, एवढाच प्रश्न. आणि 'कडक' हा शब्दही तोच.

वाढप्याशी बोलताना कान टवकारून बसलो. खोलीला खोली, पगाराला पगार, सुट्टीला रजा. शाळेच्या कारभारात तर आमच्या कानडी परिपत्रकांतून 'हाजराती' आणि 'दाखलाती' हे शब्द रोजचेच. आपणही कानडीचे देणे लागतो: अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता. घरातले मोठे भाऊ-बहीण आणि पानावरचे तूप ज्या भाषेकडून घेतले, तिला परकी म्हणायचे तरी कसे?

परतलो तेव्हा पाण्याची बाटली घेऊन एक तरुण आला. अंगात हॉटेलचा तपकिरी सदरा. बाटली ठेवून तो दाराशीच घुटमळला. बक्षिसी हवी असेल असे वाटून मी खिशात हात घातला, तो तो मराठीत म्हणाला, "सर, तुम्ही मला ओळखलं नाही."

मी खरोखरच ओळखले नव्हते. त्याने नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होतो म्हणाला. तेवढ्यात खालून घंटी वाजली. "उद्या येतो," म्हणून तो जिन्याने पळाला. नाव आठवू लागले, चेहरा मात्र आठवेना. मुख्याध्यापकाच्या स्मरणात हुशार मुले राहतात आणि व्रात्य मुले राहतात. मधली सारी हजेरीपटात.

दुसऱ्या दिवशी धारवाडची बैठक भाषणांत गेली. तक्ते तिसऱ्या दिवशी घ्यावयाचे होते. दुपारच्या सुट्टीत साधनकेरीला जाऊन आलो. तळ्याकाठच्या त्या भागात द. रा. बेंद्रे यांचे घर आहे. १९७३ सालचे ज्ञानपीठ ज्यांच्या 'नाकुतंती' या काव्यसंग्रहास मिळाले, ते हे कन्नडचे वरकवी. घरची भाषा मराठी. त्यांनी मराठीतही लिहिले, सोलापूरच्या महाविद्यालयात अध्यापनही केले. उलट, हुबळीजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर जन्माने कानडी. ते मराठी रंगभूमीवर येऊन 'सवाई गंधर्व' झाले, आणि त्यांच्याकडे शिकण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास जात. मराठी घरातून कन्नडला कवी मिळावा आणि कानडी घरातून मराठी रंगभूमीला गंधर्व मिळावा, अशी ही माती.

परंतु याच धारवाडात एकेकाळी कानडी मुलांना सरकारी शाळेत मराठीतून शिकावे लागे, हेही आपण मराठी माणसांनी विसरू नये. इंग्रजी अमलात हा भाग मुंबई इलाख्यात होता. शिक्षणखात्याची नजर पुण्याकडे होती. शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खटपट करून त्या शाळा कन्नडमध्ये आणल्या; पुढे १८९० साली येथेच कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत शाळा शिकणे म्हणजे काय, हे त्या मुलांना ठाऊक होते. आज आमच्या मुलांना ठाऊक आहे. आमच्या तालुक्यातील कित्येक गावांत मराठी सातवीपर्यंत. त्यापुढे जवळची शाळा कन्नड माध्यमाची.

परतताना लाईन बाजारातून पेढे घेतले. धारवाडी पेढा म्हणतात, पण तो करणारे मूळचे ठाकूर घराणे उत्तर प्रदेशातील उन्नावहून आलेले. एकूण, येथले येथले म्हणावे असे येथे फारसे काही नाही, आणि सारे येथलेच आहे.

त्या रात्री काम आटोपल्यावर तो मुलगा आला. मी त्याला खुर्चीवर बसण्यास सांगितले, तो बसेना. शेवटी पेढ्यांचा पुडा उघडला तेव्हा पलंगाच्या कडेला टेकला.

"सातवीत दिवाळीनंतर तू आला नाहीस," मी म्हणालो. एवढे मला आता आठवले होते.

"नाही सर."

"का?"

तो पेढ्यावरची साखर बोटाने पुसत राहिला. "आठवीला कन्नड शाळेत जायचं होतं. मला कन्नड येत नव्हतं. मोठ्या मुलांना तिथं हसत होते. मग म्हटलं, नापास होऊन थांबण्यापेक्षा आधीच थांबावं."

तो मामाकडे गोव्याला गेला. अठरा पुरी झाल्यावर येथे आला. गल्ल्यावरच्या गृहस्थांशी तो जी कानडी बोलत होता ती मी आदल्या दिवशी ऐकली होती. अस्सल हुबळीची, 'री'सकट. कोठे शिकलास म्हणून विचारले, तर म्हणाला, "खाली भटारखान्यात. सहा महिन्यांत आली. आता वाचतापण येतं, पाट्या, बिलं."

सहा महिन्यांत! आमच्या शाळेत कन्नड हा विषय आहे, पुस्तके आहेत, तास आहेत. त्या तासांना मी स्वतः कित्येकदा गणित घेतले आहे. शिक्षक अपुरे, आणि कन्नड काय, पुढे येईलच, असा विचार. हा विचार करणारा मी मराठीचा एम. ए.; मराठीवरील निष्ठेचाही त्यात थोडा अंश होता, हे कबूल केले पाहिजे.

तो गेल्यावर बॅगेतून तक्ता काढला. त्याच्या वर्षी त्याच्या नावापुढे मी काय लिहिले होते ते आता स्वच्छ आठवत होते: 'पालकांचे स्थलांतर'. त्याचे आईवडील आजही गावातच आहेत. मी एकदा घरी गेलो होतो, दाराला कडी होती, परत आलो. 'शाळाबाह्य' असे लिहिले तर खुलासे द्यावे लागतात. 'स्थलांतर' लिहिले की प्रश्न मिटतो. या वर्षीच्या तक्त्यातही स्थलांतराच्या रकान्यात तीन आणि शाळाबाह्यच्या रकान्यात शून्य होते. त्या तिघांपैकी दोघे खरोखरच ऊसतोडीला गेलेल्या घरांतील. तिसरा गावातच गुरे राखतो, हे मला माहीत होते.

धुराडे केव्हाच थंड झाले होते. खालच्या रस्त्यावरून शेवटची चिगरी गेली असावी. मी तीनाचे दोन केले आणि शून्याचा एक. खाडाखोड दिसत होती, म्हणून बाजूला सही केली.

सकाळी त्यानेच बॅग थांब्यापर्यंत आणली. पैसे घेतले नाहीत. "सर, दाखला मिळेल का? जन्मतारखेसाठी लागतो," एवढेच म्हणाला. शाळा सोडून नऊ वर्षे झाली होती. दाखला मागावयास येण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते. उरलेले पेढे त्याच्या हाती दिले.

बैठकीत तक्ता पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या एकावर बोट ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. लेखी खुलासा आठ दिवसांत द्यावा, असे सांगितले. मी बरे म्हटले.

दाखला पुढच्याच आठवड्यात हॉटेलच्या पत्त्यावर टपालाने पाठविला. शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना मूळ नोंदवहीप्रमाणेच भरावा लागतो, तसाच भरला. नोंदवहीत आता फेरफार करता येत नाही. सोमवारी शाळा भरण्यापूर्वी गुरे राखणाऱ्या त्या मुलाच्या घरी गेलो. तो रानात गेला होता. आई अंगण सारवत होती, हात तसेच ठेवून म्हणाली, "गुरुजी, सांजेला या, तवा गावतंय." सांजेला पुन्हा गेलो.