जुहूच्या वाळूवरील पंगत

मुंबईकरास समुद्र नवा नाही. परंतु चार स्नेह्यांनी मिळून मुद्दाम समुद्रकाठी जेवावयास जावे, ही कल्पना आमच्या आजोबांच्या पिढीस विचित्रच वाटली असती. बाहेरचे खाणे म्हणजे प्रवासातील नाइलाज, अशी ज्या घरांची समजूत होती, त्याच घरांतील मंडळी आता शनिवार आला की ‘आज कोठे जावयाचे?’ असे एकमेकांस विचारू लागतात. पार्ले-अंधेरीकडे या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘जुहू’ असेच येते. नुकतीच आम्ही तीन कुटुंबे मिळून तेथे गेलो होतो. त्या निमित्ताने या स्थळाविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवीत आहो.

जुहू हे पूर्वी साष्टीच्या पश्चिमेचे वाळूचे अरुंद बेट होते. कोळ्यांची वस्ती, माडांची राई आणि भरपूर वारा, एवढीच त्याची संपत्ती. 1924 साली पुण्यातील शस्त्रक्रियेनंतर, आणि पुन्हा 1944 साली आगाखान पॅलेसमधील बंदिवासातून सुटल्यावर, महात्मा गांधी विश्रांतीसाठी येथेच येऊन राहिले होते. येथील विमानतळ 1928 चा; जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन याच जागी उतरले. पुढे चित्रपटसृष्टीतील मंडळींचे बंगले झाले, मोठी हॉटेले आली, आणि शांततेसाठी प्रसिद्ध असलेले हे स्थळ गर्दीसाठी प्रसिद्ध झाले.

आज येथे खाण्याची सोय नाना तऱ्हेची आहे. जानकी कुटीरमध्ये 1978 साली शशी कपूर व जेनिफर कपूर यांनी प्रयत्नपूर्वक उभारलेले पृथ्वी थिएटर आहे. त्याच्या अंगणातील उपाहारगृहात नाटकापूर्वी आणि नाटकानंतर चहाचे पेले समोर ठेवून तरुण मंडळी तासन्‌तास वाद घालीत बसतात. त्याच वर्षी उघडलेल्या इस्कॉनच्या मंदिरात कांदा-लसणाशिवायचे सात्त्विक भोजन मिळते. आणि समुद्राच्या अगदी कडेस, काचेच्या भिंतींआड, थंड हवेची भोजनगृहे आहेत. तेथे पदार्थांपेक्षा देखाव्याची किंमत अधिक पडते.

आमच्यातील तरुणांचा ओढा अर्थातच या काचेच्या भिंतींकडे होता. परंतु तिन्ही कुटुंबांच्या मिळकती सारख्या नव्हत्या. एकाकडे दोन मुलगे मोठ्या पगारावर. दुसऱ्याचा सारा संसार निवृत्तिवेतनावर. एका भोजनगृहाच्या दारातील दरपत्रक वाचताना त्या निवृत्त स्नेह्यांचा चेहरा किंचित गंभीर झाला. ‘वहिनी, मला आज भूक अशी नाहीच,’ असे ते आमच्या घरच्या मंडळींस म्हणाले. ‘मी तुमचे पैसे देतो’ म्हणणे अपमानाचे, आणि ‘तुझे तू, माझे मी’ हा तरुणांचा सोयीचा हिशेब तेथे निष्ठुरपणाचा झाला असता. अखेर बरोबरच्या काकूंनीच प्रश्न सोडविला. त्या म्हणाल्या, ‘अरे, समुद्र काचेतून कशाला बघायचा? तो बाहेर फुकट आहे. चला वाळूवर!’

वाळूवर चटई अंथरली गेली. तव्यावर लोण्याचा चुरचुराट झाला आणि पावभाजीच्या थाळ्या आल्या. या पदार्थाची मौज अशी की, पाव हा शब्दच पोर्तुगिजांचा. बटाटा, टोमॅटो व मिरची ही मूळची अमेरिकेची. आणि तरीही मुंबईबाहेर गेलेल्या मराठी माणसास घराची आठवण होते ती याच वासाने! शेजारच्या चटईवरील जैन कुटुंबाने बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी मागविली होती. पलीकडे विद्यार्थ्यांचा घोळका भेळेवर तुटून पडला होता. आणि एक मजूर जोडपे आपल्या मुलास काला-खट्टा गोळा चोखावयास शिकवीत होते. कोणाचा पाट पुढे नाही, कोणाचा मागे नाही. सूर्य सर्वांसमोर सारखाच मावळला. आमच्या निवृत्त स्नेह्यांची भूक परत आली, एवढेच नव्हे, तर त्यांनी आग्रहाने सर्वांस कुल्फी दिली आणि बिल आपणच चुकविले.

आम्हास वाटते, मित्रांसह बाहेर जेवण्यातील खरा प्रश्न कोठले हॉटेल चांगले हा नसून, आपल्यातील सर्वांत हलक्या खिशाच्या माणसास कोठे मोकळेपणाने बसता येईल हा आहे. आमच्या वाडवडिलांच्या पंगतींत पुष्कळ भेद होते. ते सुटले हे चांगलेच झाले. परंतु त्यांच्या जागी दरपत्रकाचे भेद आणून बसविले, तर आपण फार काही मिळविले असे होणार नाही.

एक गोष्ट मात्र खेदाने लिहावी लागते. भरतीच्या रेषेवर कागदी पेले आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांची रांग लागलेली असते. याच पाण्यावर येथील कोळ्यांचे पोट आहे. ज्या अंगणात आपण फुकट जेवलो, ते जाताना झाडणे हे कोणत्याही पाहुण्याचे किमान कर्तव्य होय. वाचकभगिनींनी निघताना एक रिकामी पिशवी बरोबर घ्यावी आणि मुलांच्या हाती द्यावी, एवढीच विनंती.